पायरीवरून न पडलेली मुलगी

संजना पगारे बारा वर्षं नाशिकमधल्या अंबडच्या कामगार वस्तीत अंगणवाडी सेविका होत्या आणि पुढची बारा वर्षं मुख्यसेविका. म्हणजे आधी चाळीस पोरांची हजेरी घ्यायच्या, आता अठ्ठावीस सेविकांची घेतात. हाताखालच्या बायका त्यांना जरा दबकूनच असतात, पण अडचण आली की पहिला फोन त्यांनाच करतात. वजनकाटा बिघडला, आहाराचा तांदूळ उशिरा आला, कुणाच्या पोराला खेळताना लागलं, की पगारेबाई. बाईंच्या रजिस्टरात लिहिलंय म्हणजे ते तसंच झालं असणार, असं कार्यालयात सगळे म्हणत. हे कानावर पडलं की संजनाबाई पदर सारखा करत आणि विषय बदलत. लोकांना तो त्यांचा साधेपणा वाटे.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर नाशिकमधल्या एका संस्थेकडे एक काम आलं. अंगणवाडीच्या सेविका, मदतनीस आणि कारखान्यांच्या पाळणाघरांतल्या बायका यांच्यासाठी बालसुरक्षेचं तीन दिवसांचं प्रशिक्षण तयार करायचं. काम पाहणारा शेखर तिशीतला, मोजकं बोलणारा मुलगा होता. त्याचं म्हणणं असं, की पुस्तकातले धडे बायकांच्या डोक्यावरून जातात. ज्यांनी पोरं सांभाळली त्यांच्याच तोंडून प्रसंग घेऊ आणि त्यावर धडे बांधू. त्यासाठी त्याने द्वारका चौकाजवळच्या एका हॉलमध्ये सहा अनुभवी बायका जमवल्या. संजनाबाई त्यांतल्या सगळ्यांत ज्येष्ठ.

पहिल्या बैठकीत संजनाबाईंनी दोन-तीन किरकोळ प्रसंग सांगितले. एका पोरानं नाकात चिंचोका घातला ते, उकळत्या खिचडीचं पातेलं दारात ठेवल्यानं काय होता होता राहिलं ते. मग शेजारच्या बालविकास प्रकल्पातल्या सायली आहेर म्हणाल्या, "बाई स्वतःचं चांगलं काम कधी सांगणार नाहीत. मी सांगते. दोन हजार बारा साली यांच्या अंगणवाडीत एक मुलगी पायरीवरून पडली, हात मोडला. बाईंनी त्याच दिवशी नोंद केली, स्वतः दवाखान्यात नेलं, आणि पाठपुरावा करून पायरीला कठडा लावून घेतला. त्यानंतर आमच्याकडच्या अकरा अंगणवाड्यांनासुद्धा कठडे लागले."

"हेच हवंय," शेखर लिहून घेत म्हणाला. "घटना, नोंद, पाठपुरावा. बाई, हा आपला दुसरा धडा."

संजनाबाईंनी चहाचा कप उचलला आणि परत ठेवला. "जुनी गोष्ट आहे ती," एवढंच म्हणाल्या.

"जुनी असली म्हणून काय झालं," सायली म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी कच्चं पुस्तक छापून आलं. चौदाव्या पानावर ठळक अक्षरांत ‘एका पायरीची गोष्ट’, आणि खाली संजनाबाईंचं नाव.

ती मुलगी पायरीवरून पडलीच नव्हती.

तिचं नाव सृष्टी. तेव्हा साडेचार वर्षांची. तिची आई मीना संजनाबाईंच्याच अंगणवाडीत मदतनीस होती. चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी, नवरा सोडून गेलेला, चाळीतल्या एका खोलीत मायलेकी राहायच्या. मीना सकाळी अंगणवाडी झाडायची, पोरांना गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची आणि दुपारनंतर एका कारखान्यात पॅकिंगला जायची. हात भरभर चालायचे तिचे. पोरांना ती गाणी छान शिकवायची. आणि स्वतःच्या पोरीला मारायची.

हे संजनाबाईंना ठाऊक होतं. एकदा वजन करताना सृष्टीच्या मांडीवर तापलेल्या चिमट्याचा डाग दिसला होता. पुन्हा दीड महिन्याने पोटरीवर दुसरा. दोन्ही वेळा त्यांनी मलम लावलं आणि मीनाला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, लेकरू आहे ते." मीना रडली. रडली म्हणजे आता पुन्हा करणार नाही, असं संजनाबाईंनी धरून चाललं. वहीत त्यांनी काही लिहिलं नाही, वरिष्ठांना काही कळवलं नाही.

मग जुलैतल्या एका सोमवारी मीना सृष्टीला कडेवर घेऊन आली. पोरीचं कोपर टम्म सुजलेलं. ती रडतही नव्हती, ओठ मिटून बसली होती. "ताई, रागाच्या भरात पिरगळला," मीना म्हणाली. "कामावर जायची घाई होती आणि ही ऐकेना. मला आत टाकतील का हो?"

पोरं अजून यायची होती. संजनाबाईंनी अंगणवाडीला कुलूप लावलं आणि तिघी रिक्षात बसल्या. पायरीची गोष्ट कुणी काढली, हे त्यांना पक्कं आठवतं. मीनाने नाही. त्यांनीच. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे रिक्षा सिग्नलला थांबली होती तेव्हा त्या म्हणाल्या, "पायरीवरून पडली म्हणू." आणि सृष्टीकडे वळून, तिच्या चांगल्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "सृष्टी, तू पायरीवरून पडलीस ना गं?" पोरगी बघत राहिली. दवाखाना येईपर्यंत त्यांनी तिला तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी सृष्टी म्हणाली, "हो, बाई."

डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. आई एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला. सृष्टी म्हणाली, पायरीवरून पडले. संजनाबाईंनी खाली सही केली. दुपारी परत येऊन त्यांनी रजिस्टरात व्यवस्थित नोंद केली: वेळ, ठिकाण, इजा, केलेले उपचार. नोंद इतकी चोख होती की महिन्याभराने वरून माणूस पाहणीला आला आणि दिवाळीच्या आत पायरीला लोखंडी कठडा लागला. हिरवा रंग दिलेला.

सृष्टीची आजी लंकाबाई घोटीजवळच्या खेड्यातून आली आणि हाताला प्लास्टर घातलेली नात घेऊन गेली. मीनाने दोन-चार महिन्यांत काम सोडलं, सिन्नरकडे कारखान्यात लागली. पुढच्या वर्षी संजनाबाई मुख्यसेविकेची परीक्षा पास झाल्या.

इतकी वर्षं त्या स्वतःला एकच सांगत आल्या होत्या, की आपण एका गरीब पोरीची नोकरी वाचवली. मायलेकींची ताटातूट टाळली, असंही म्हणायच्या. पण ताटातूट तर झालीच होती, म्हणून ते वाक्य पुढे त्यांनी मनातल्या मनातही सोडून दिलं. घोटी तासाभराच्या अंतरावर. इगतपुरीला बैठकीला जाताना किती वेळा बस घोटीवरून गेली. त्या कधी उतरल्या नाहीत.

पुस्तकात कठड्याचा फोटो हवा होता. डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी शेखर आणि संजनाबाई त्या जुन्या अंगणवाडीत गेले. आताची सेविका संजना नावाचीच, पण वयाने बरीच धाकटी. तिने कठडा ओल्या फडक्याने पुसून ठेवला होता. दोन पोरं त्याला लोंबकळत होती. "बाई, तुम्ही इथे उभ्या राहा, हात कठड्यावर," शेखर म्हणाला. संजनाबाई उभ्या राहिल्या. हातही ठेवला. त्याने दोन फोटो काढले.

"बाई, जरा हसा ना," धाकटी संजना म्हणाली.

"शेखर सर," संजनाबाई म्हणाल्या, "फोटो पुसून टाका. आणि इकडे या जरा."

अंगणवाडीच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. चिमट्याचे डाग, रिक्षा, दवाखाना, सही. सांगून झाल्यावर संजनाबाई म्हणाल्या, "मीनाची नोकरी गेली असती हो. पदरात पोर होतं."

"एवढंच कारण होतं?" त्याने विचारलं. आवाजात धार नव्हती, पण प्रश्न सरळ होता.

संजनाबाई म्हणाल्या, "नाही. मी तेव्हा परीक्षेच्या शिकवणीला जात होते. आठवड्यातले तीन दिवस अकरा वाजताच निघायचे. पुढचं सगळं मीना एकटी बघायची आणि हजेरीवर सही माझी असायची. चौकशी लागली असती तर ते पहिलं बाहेर आलं असतं." हे वाक्य त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. स्वतःलाही असं सरळ सांगितलं नव्हतं.

शेखरने त्यांची समजूत घातली नाही, रागही धरला नाही. "बाई, खरं म्हणजे हाच धडा पुस्तकात हवा," तो म्हणाला. "पण तो तुमच्या एकटीचा नाहीये. त्या मुलीला विचारल्याशिवाय आपल्याला एक अक्षर लिहिता येणार नाही. आणि कार्यालयाला तुम्हीच कळवायला हवं. मी कळवण्याआधी."

"किती दिवस देता?"

"आठ."

संजनाबाई तिसऱ्याच दिवशी घोटीला उतरल्या. तिथून जीपने लंकाबाईच्या गावी. भाताची झोडणी सरत आली होती, खळ्यावर पेंढ्याचे ढीग होते. पत्ता विचारावा लागला नाही; रजिस्टरातला पत्ता त्यांना तोंडपाठ होता.

लंकाबाई ओट्यावर सूप घेऊन बसली होती. तिने ओळखलं, पण उठली नाही. "या," म्हणाली. "लय दिसांनी वाट सापडली, बाई."

"सृष्टी आहे का?"

"हाय. कालेजला सुट्टी हाय आज. बसा."

सृष्टी आतून पाणी घेऊन आली. अठरा वर्षांची, उंच, केस घट्ट बांधलेले. तांब्या तिने उजव्या हाताने पुढे केला आणि संजनाबाईंना दिसलं, की हात कोपरातून पूर्ण सरळ होत नाही. थोडासा वाकलेलाच राहतो.

"मला ओळखलंस का?"

"पगारेबाई."

लंकाबाई सूप घेऊन मागच्या दारी गेली. जाता जाता म्हणाली, "पोरीला रडवू नका म्हंजे झालं. बाकी मला काय नाय म्हणायचं."

संजनाबाईंनी प्रशिक्षणाचं सांगितलं, पुस्तकाचं सांगितलं, चौदाव्या पानाचं सांगितलं. आणि मग म्हणाल्या, "तू पायरीवरून पडली नव्हतीस. मी तुला तसं म्हणायला लावलं."

सृष्टी खाली बघत होती. "मला पडल्याचं आठवतं," ती म्हणाली.

"काय?"

"पायरीवरून पडल्याचं आठवतं मला. खाली चिखल होता, चप्पल निसटली, हे सगळं दिसतं डोळ्यांपुढे. दहावीपर्यंत मी तेच सांगायचे सगळ्यांना. आईने एकदा फोनवर रडत रडत खरं सांगितलं, तेव्हा मी तिलाच खोटं ठरवलं. म्हटलं, नाही, बाईंनी सांगितलं होतं, मी पडले होते." मग म्हणाली, "आई मला मारायची हे पण आठवतं. पण हात मोडला ते पायरीनं. अजून कधी कधी मला कळत नाही, खरं कोणतं."

संजनाबाईंनी बसमध्ये बरंच काही मनाशी जुळवून आणलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता कामाचं राहिलं नव्हतं. मुलीचा हात मोडला तो आईने. पण तो कसा मोडला ही तिची स्वतःची आठवण आपण काढून घेतली आणि तिथे आपली ठेवली, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. रजिस्टरातलं खोटं एका कपाटात पडून आहे, एवढंच त्या धरून चालल्या होत्या.

"आई कशी आहे?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"बरी आहे. येते अधूनमधून. आता माझ्यावर आवाजसुद्धा चढवत नाही. मी येते म्हटलं सिन्नरला राहायला, तर घाबरते." मग सृष्टीने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तेव्हा तुम्ही कुणाला सांगितलं असतं तर काय झालं असतं, बाई?"

संजनाबाई खरं तेच बोलल्या. "नक्की नाही सांगता येत. चौकशी झाली असती. तुला काही दिवस दुसरीकडे ठेवलं असतं, बहुतेक आजीकडेच. आईला कुणीतरी समजावलं असतं, तिच्याकडे लक्ष ठेवलं असतं. कदाचित तिचं काम गेलं असतं. माझंही."

"म्हणजे मी आजीकडेच आले असते."

"हो."

"मग खोटं कशाला बोललो आपण?"

‘आपण’ हा शब्द संजनाबाईंना सोसला नाही. "आपण नाही. मी," त्या म्हणाल्या. "तू साडेचार वर्षांची होतीस."

संजनाबाईंनी खरी गोष्ट पुस्तकात लिहायची परवानगी मागितली, ती सृष्टीने लगेच दिली नाही. चहा झाला, लंकाबाईने बळेबळे तांदळाची पिशवी हातात दिली आणि ती नाकारणं बरं दिसेना. निघताना सृष्टी रस्त्यापर्यंत आली. "लिहा," ती म्हणाली. "पण नाव नको, गाव नको, आईचं काम काय होतं ते नको. आणि माझी कीव येईल असं लिहू नका. एक गोष्ट मात्र घाला. दवाखान्यात मला विचारलं तेव्हा तुम्ही दोघी दोन बाजूंना होता. पोराला विचारायचं तर एकट्याला विचारा. आणि उत्तर आधी त्याच्या तोंडात घालू नका."

"घालते," संजनाबाई म्हणाल्या. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, जीप आली.

नवऱ्याला, दीपकरावांना, त्यांनी घरी आल्याबरोबर सांगितलं. ते कारखान्यात फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. सगळं ऐकून म्हणाले, "दोन वर्षं राहिलीत तुझी नोकरीची. कशाला उकरतेस?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "शिकवणीला मीच सोडायचो तुला स्कूटरवर. तीन दिवस. मी पण कधी विचारलं नाही, अंगणवाडी कोण बघतंय म्हणून."

दुसऱ्या दिवशी संजनाबाईंनी प्रकल्प अधिकाऱ्यांना दोन पानी लेखी निवेदन दिलं. सही करताना तारीख घातली, वेळ घातली. अधिकारी मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे तुम्ही स्वतःहून देताय? कुणी तक्रार केलेली नाही?"

"नाही, मॅडम. म्हणूनच देतेय."

नोटीस आली. चौकशी झाली. दोनदा जबाब झाले. अंबडचा भाग त्यांच्याकडून काढून घेतला गेला, सेवापुस्तकात ठपका बसला. कार्यालयात बायका त्या आल्या की बोलणं थांबवू लागल्या. सायली आहेरांनी महिनाभर फोन उचलला नाही. मग एके दिवशी स्वतःच केला आणि म्हणाल्या, "बाई, मी तुमचं नाव घेऊन अकरा कठडे लावून घेतले." रागावल्या होत्या. "कठडे कामाचे आहेत, सायली," संजनाबाई म्हणाल्या. "पोरं खरंच पडतात पायऱ्यांवरून. तेवढं तू चांगलंच केलंस." पलीकडून फोन लगेच ठेवला गेला नाही.

पुस्तकातलं चौदावं पान नव्याने लिहिलं गेलं. संजनाबाई लिहीत, शेखर खोडत. पहिल्या मसुद्यात त्यांनी स्वतःला इतकं झोडपून काढलं होतं, की तो म्हणाला, "बाई, हे वाचून बायकांना तुमची दया येईल. त्यांना स्वतःच्या ओळखीतली बाई आठवली पाहिजे." मग त्यांनी साधं लिहिलं. डाग दिसला तर त्याच दिवशी नोंद. जे दिसलं तेच, अंदाज नाही. कुणाला कळवायचं, १०९८ या बालमदत क्रमांकावर कसं बोलायचं. आईबापांना आधी दरडावणं का टाळायचं. पोराला एकट्याला, साध्या शब्दांत, एकदाच विचारायचं. आणि शेवटी, जे माणूस आपल्या रोजच्या उठण्याबसण्यातलं आहे त्याच्याबद्दल कळवायची वेळ आली तर हात का थांबतो, यावर अर्ध्या तासाची चर्चा. हा भाग शेखरने संजनाबाईंनाच घ्यायला सांगितला. कार्यालयाने आढेवेढे घेतले, पण शेवटी होकार दिला.

पहिलं प्रशिक्षण मार्चमध्ये इगतपुरीला होतं. संजनाबाईंनी सृष्टीला निरोप पाठवला होता, यावंसं वाटलं तर ये, मागे बसून ऐक, नको वाटलं तर नको. ‘बघते’ असं उत्तर आलं होतं. सकाळपासून त्यांचं लक्ष दाराकडे होतं. कुणी उशिरा आलं की त्यांचं वाक्य मधेच तुटे. सृष्टी आली नाही.

साठ बायका सतरंजीवर बसल्या होत्या. संजनाबाईंनी नाव, गाव, कुणाचं काही न सांगता गोष्ट सांगितली. फक्त ‘ती सेविका मी’ एवढं सांगितलं. खोलीत कुजबूज झाली, मग थांबली. पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या भागुबाई नावाच्या मदतनीस बाईने केला. पन्नाशीची, डोक्यावर पदर. "बाई, मंग आमच्यापैकीच कुणी असंल तर तिच्या पोटावर पाय द्यायचा का?"

"तिला मदत मिळेल असं बघायचं," संजनाबाई म्हणाल्या. "पण हो, तिचं काम जाऊ शकतं. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. मी तेच पुढे करून गप्प बसले होते, आणि खरं म्हणजे मला माझंच काम वाचवायचं होतं. तुमच्या मनात तसं आलं तर निदान स्वतःशी कबूल करा. मग काय करायचं ते जास्त नीट दिसतं."

भागुबाईने मान हलवली. पटलं का नाही, कळलं नाही. पुढे एका तरुण सेविकेने हात वर केला. तिच्या मांडीवर स्वतःचं तान्हं झोपलं होतं.

"त्या मुलीनं तुम्हाला माफ केलं का, बाई?"

"मी विचारलं नाही," संजनाबाई म्हणाल्या. "मी विचारलं असतं तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. बाईंनी विचारलं म्हणून."

त्या टेबलावरचं पाणी प्यायल्या आणि त्यांनी बायकांना चार-चारच्या गटात बसायला सांगितलं.